सावरलेली रेघ

६ जानेवारी

धाकटे,

अक्षर ताईचंच आहे.

कॉलेजच्या ऑनलाइन वर्गांबद्दल कोणी अभिप्राय पाठवला की तो आधी माझ्याकडे येतो. तू नाव घातलं नव्हतंस, पण ‘गणिताच्या या व्हिडिओंमधलं अक्षर नक्की कोणाचं आहे?’ असं विचारणारं माणूस जगात एकच असू शकतं. बाकीचे लोक आवाज बारीक येतो म्हणतात, नाहीतर परीक्षेला काय येणार ते विचारतात. म्हणून सरळ तुझ्या मेलवर लिहितोय. पत्ता बदलला असशील तर हे सगळं हवेत गेलं असं समजेन.

तू व्हिडिओ बघतेस हे ताईला सांगितलेलं नाही. शिकवणं सोडून तू नाटकवाल्यांकडे प्रकाशयोजनेला निघालीस, तेव्हा ती दारात उभी राहून काय म्हणाली ते तुला आठवत असेलच. ‘जा, लाव दिवे.’ त्यानंतर घरात तुझा विषय निघत नाही. मी काढत नाही, ती निघू देत नाही, आणि तिसरं माणूस घरात नाही.

तर अक्षराबद्दल. तू गेलीस तेव्हा मी कॉलेजात पंखे आणि प्रोजेक्टर बघायचो. आता रेकॉर्डिंगची खोली माझ्या ताब्यात आहे. कुणी दिली नाही, मी मिळवली. वर्ग ऑनलाइन झाले तेव्हा निम्मे प्राध्यापक छापील स्लाइड वाचून दाखवायचे आणि उरलेले मोबाइल टांगून फळ्याकडे तोंड करून शिकवायचे. मुलांना मास्तरांची पाठ तेवढी पाठ झाली होती. मी प्राचार्यांना सांगितलं, साहेब, पोरांना उत्तर दिसतंय, उत्तर होताना दिसत नाही. पेनने लिहायचे टॅब आणा. हात हलेल तसा विचार दिसेल. त्यांनी विचारलं, हे कुठे शिकलात? म्हटलं, कुठेच नाही. माझ्याकडे कागदपत्र एकही नाही, पण कॉलेजातला प्रत्येक टॅब मी उघडून बघितलेला आहे.

रसायनशास्त्राच्या सरांनी पहिल्या दिवशी काचेवर खरं बॉलपेन चालवलं. वर मलाच म्हणाले, ‘उमटत नाही हो तुमचं.’ ताईचं मात्र तसं झालं नाही. ती अजून मला मिस्त्रीच म्हणते. ‘मिस्त्री,’ म्हणाली, ‘पाटीवर शिकले आणि पाटीवरच निवृत्त होणार म्हण की.’ तिच्यासाठी स्क्रीनवरच लिहिता येईल असा टॅब घेतला, काचेवर खरखरीत फिल्म लावली म्हणजे कागदासारखी पकड येते, आणि उतरतं स्टँड स्वतः बनवलं. नव्या साधनावर अक्षर थोडं बदलतंच. तू त्यातलं बघितलंस, एवढंच.

तब्येत बरी आहे तिची. आणखी काही विचारायचं असेल तर अभिप्रायाच्या पेटीत टाकू नकोस. तिथे कारकूनही डोकावतो.

दादा

२१ जानेवारी

धाकटे,

इतक्या काळाने तुझं उत्तर आलं आणि तेही एका ओळीचं. ‘अक्षर ताईचं आहे, हात तिचा नाही.’ ही ओळ वाचून मी खुर्चीतून उठलो आणि खोलीचं दार लावून घेतलं. खोलीत मी एकटाच होतो.

दिवेवाल्यांना सावल्या दिसतात म्हणतात ते खरं असावं. सांगतो. पण हे तुझ्यापाशी राहू दे.

ताईचा उजवा हात कापतो. पहिल्या रेकॉर्डिंगच्या दिवशी माझ्या लक्षात आलं. फळ्यावर कळत नव्हतं, खडू जाड आणि हात मोठा फिरतो. टॅबवर सगळं बारीक. तिने बेरजेचं चिन्ह काढलं आणि आडवी रेघ करवतीसारखी उमटली. ती चष्मा पुसत होती, तिने पाहिलं नाही. मी पाहिलं.

या टॅबमध्ये स्मूदिंग नावाची एक सोय असते. हात जिथून जातो तिथून रेघ जशीच्या तशी जात नाही. यंत्र हाताच्या जरा मागे राहतं, बारीकसारीक हिसके गाळतं आणि मधली सावरलेली रेघ काढतं. चित्रं काढणाऱ्यांसाठी असते. मी ती ताईच्या टॅबवर थोडी चढवली. रेघ सरळ आली. पुढच्या आठवड्यात थोडी आणखी. आता ती जवळजवळ शेवटापर्यंत चढवलेली आहे. तिचं अक्षर कसं टोकदार होतं, ‘र’ तर हाताला बोचायचा. तो आता गुळगुळीत झालाय. तू तेच पाहिलंस.

तिला माहीत नाही. एकदा चहा ओतताना तिने विचारलं होतं, ‘मिस्त्री, माझा हात कापतो का रे?’ डॉक्टरची वेळही घेतली होती. त्याच दुपारी तिने वर्ग घेतला आणि आपलं लिखाण स्क्रीनवर नीट न्याहाळलं. बाहेर येऊन म्हणाली, ‘काही नाही रे, कपच जड आहे. लिहिताना तर दगडासारखा स्थिर आहे हात.’ इतकी खूश होती. मी काय बोलणार होतो?

मुलांना नीट दिसतंय, तिची शान राहतेय. कुणाचं काही बिघडलेलं नाही. तू उगीच मनाला लावून घेऊ नकोस.

दादा

१८ फेब्रुवारी

धाकटे,

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. ‘तिला आजच्या आज सांग’, ‘डॉक्टरकडे ने’, ‘तू कोण ठरवणारा?’ शेवटच्याचं उत्तर आधी देतो. मी तिच्याबरोबर राहणारा. सकाळी तिच्या साडीची पिन लावून देणारा, कारण आता ती तिची तिला लावता येत नाही. तुला तिथून हुकूम सोडायला काय जातंय. इथे समोर बसून तिला हे सांगायचं म्हणजे तिच्या हातातून पेनच काढून घेणं. तिच्याकडे दुसरं काय आहे, सांग बघू. मी आणि पेन. त्यातला मी तिला फारसा मोलाचा वाटत असेन असं नाही.

तरी जे झालं ते कळवतो. लपवून ठेवायचा कंटाळा आला आहे.

गेल्या आठवड्यात पहिल्या वर्षाला तिने केवल मूल्याचा आलेख घेतला. तुला आठवत असेल, इंग्रजी व्ही अक्षरासारखा, खाली टोक. ती तो कसा शिकवते तेही आठवत असेल. पेन टेकवायचं, डावीकडून उतरायचं, तळाला पोचलं की ताडकन वळून उजवीकडे चढायचं, पेन न उचलता. मग म्हणायचं, रेघ कुठे तुटली नाही, म्हणजे फल अखंड आहे. पण टोकावर नेमकी एक स्पर्शिका, टॅन्जंट, काढून दाखवा पाहू! निघत नाही. म्हणून तिथे अवकलज, म्हणजे एकच असा उतार, नाही. एका रेघेत दोन गोष्टी शिकवते ती. आपल्या दोघांनाही तिने हे जेवणाच्या ताटात बोटाने काढून शिकवलं होतं. मला कळलं नव्हतं, तुला लगेच कळलं.

तिने काढला. उतरली, वळली, चढली. स्क्रीनवर खाली वाटी उमटली. गोल, छान, गुळगुळीत.

‘मॅडम,’ एक मुलगी म्हणाली, ‘खाली तर गोल आहे.’

‘टोक आहे ते, नीट बघा.’

‘नाही मॅडम, गोल दिसतंय. माझ्याकडे पण,’ दुसरा म्हणाला. ‘तिथे टॅन्जंट आडवी निघेल की.’

तिने पुसून पुन्हा काढला. पुन्हा वाटी. तिसऱ्यांदा दात ओठ खाऊन काढला, आणखीच गोल. सावरणाऱ्या यंत्राला काय कळतंय? त्याला हाताचा हिसका आणि गणिताचं टोक सारखंच. दोन्ही गाळून टाकतं ते.

तिने माईक बंद केला आणि माझ्याकडे वळली. ‘मिस्त्री, माझा कोपरा कुठे गेला?’

मी म्हणालो, ‘निब झिजली असेल.’

तिच्यासमोर निब बदलली. चिमट्याने जुनी उपसली, नवी खोचली, अगदी साग्रसंगीत. जुनी निब चांगली होती. मग सुचवलं, ‘ताई, दोन रेघा वेगळ्या काढ. एक खाली आण, पेन उचल, दुसरी वर ने. टोक येईल.’

‘वेडा आहेस का? पेन उचललं तर अखंड कसं म्हणू? पेन उचलायचं नाही, हाच तर धडा आहे.’

मी तेवढ्यापुरतं स्मूदिंग उतरवू शकलो असतो. बोट त्या बटणापर्यंत गेलंही होतं. उतरवलं असतं तर टोक आलं असतं आणि त्याबरोबर करवतही. मी बोट मागे घेतलं. ती वर्गाला म्हणाली, ‘तिथे टोक आहे असं समजा.’ आयुष्यात पहिल्यांदा ती पोरांना ‘समजा’ म्हणाली. सिद्ध करून दाखवल्याशिवाय मिठाला खारट न म्हणणारी बाई ती.

तेव्हा तुझं बरोबर असेल. पण मला एवढ्यात काही सुचत नाही. फार दमलोय. खोटं बोलणं सोपं असतं असं कोण म्हणतं? त्याची देखभाल यंत्रापेक्षा जास्त करावी लागते.

दादा

१५ मार्च

धाकटे,

सांगून झालं. म्हणजे तिनेच शोधून काढलं, मी फक्त होकार दिला.

चाचणी परीक्षेचे पेपर आले. केवल मूल्याच्या प्रश्नाला निम्म्याहून जास्त वर्गाने लिहिलं होतं की तळाला वळण गोलाकार आहे, स्पर्शिका आडवी आहे, म्हणून अवकलज शून्य. एकाने तर पुरावा म्हणून तिच्याच व्हिडिओतलं चित्र चिकटवलं होतं, त्या वाटीभोवती लाल गोल करून. ताई ते सगळे पेपर घेऊन दिवसभर जेवणाच्या टेबलाशी बसली होती. जेवली नाही. मी बाहेरून आलो तर पेपर बाजूला आणि समोर टॅब.

‘मिस्त्री, इकडे ये. बस.’

बसलो.

‘हे बघ. भरभर काढला की गोल येतो.’ काढून दाखवला. ‘आता हळू काढते. तळाला थांबते. श्वास घेते. मग वर.’ टोक आलं. ‘निब झिजली असती तर दोन्ही वेळा सारखंच यायला हवं. मी थांबले की रेघ मला गाठते. म्हणजे ती माझ्या मागे आहे. माझ्या हाताच्या आणि रेघेच्या मधे कोणीतरी बसलंय. कोण आहे रे?’

इतक्या वर्षांत यंत्र उघडून ते समजून घेणारा मीच, असं मला वाटायचं. तिने स्क्रूही न काढता उघडलं होतं.

मी सेटिंग काढून दाखवलं. तिने बघितलं, किती चढवलंय ते बघितलं, आणि बोटाने पार खाली ओढून शून्यावर आणलं. मग तिने तिची आवडती खूण काढली, ती समाकलनाची उंच नागमोडी रेघ. सापाला थंडी वाजावी तशी आली.

आरडाओरडा करेल असं मला वाटलं होतं. केला असता तर बरं झालं असतं.

‘कधीपासून?’

‘पहिल्या दिवसापासून.’

‘म्हणजे मी तुला चहा ओतताना विचारलं तेव्हा तुला माहीत होतं.’

‘हो.’

‘त्याच दिवशी मी डॉक्टरची वेळ रद्द केली रे.’

मी म्हणालो, मला वाटलं तुला वाईट वाटेल. तुला लाज वाटेल. तुझं अक्षर म्हणजे...

‘माझं अक्षर खराब झालं असतं तर पोरांनी डोळे ताणून वाचलं असतं,’ ती म्हणाली. ‘तू माझं गणित खराब केलंस. इतक्या पोरांना मी स्वतःच्या हाताने चुकीचं शिकवलं, आणि ती शिकलीसुद्धा. हुशार आहेत बिचारी, जे दिसलं ते लिहिलं.’

मग विचारलं, ‘आणखी कोणाला माहीत आहे?’

‘धाकटीला. ती तुझे व्हिडिओ बघते. अक्षर बघून तिने ओळखलं.’

ताईने टॅबचं कव्हर लावलं. मग उघडलं. मग परत लावलं. ‘तिला तिकडे बसून कळलं,’ एवढंच म्हणाली आणि आत निघून गेली. हे तुला दूषण होतं की मला, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मी टेबलावरचे पेपर सारखे करून ठेवले.

दादा

९ एप्रिल

धाकटे,

डॉक्टरांना दाखवून झालं. आजाराचं नाव मी लिहीत नाही, ते ताईनेच तुला सांगावं. औषधं सुरू आहेत. आधी यायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले नाहीत, पण मी खाली बघितलं. हात एवढ्यात जाणार नाही, बरा होणार नाही, हळूहळू काय ते होईल. जमेल तोवर शिकवणार, असं तिने प्राचार्यांना लेखी कळवलं. आणि त्याच कागदात खाली, रेकॉर्डिंगसाठी मिस्त्री नको, असंही. माझं खरं नाव सोडून तिने मिस्त्री लिहिलं. त्यांना विचारावं लागलं की कोण मिस्त्री.

आता ती घरूनच शिकवते. टॅब स्वतः लावते, वर्गात कोणाला घ्यायचं तेही स्वतः बघते. मला हाक मारत नाही. जेवायला वाढते, पिनही माझ्याकडून लावून घेते, पण बोलणं भिंतीशी. ‘मीठ संपत आलंय’, ‘खिडकी लावलेली बरी’. भिंतीने ऐकून मीठ आणायचं.

परवा तिने तो धडा पुन्हा घेतला. लिंक कॉलेजच्या पानावर उघडी असते. ती खाली टेबलाशी, मी वरच्या खोलीत, मधे एक जिना. मी नाव न घालता पाहुणा म्हणून बाहेर थांबलो. हे बाहेर थांबवून ठेवायचं दार कॉलेजात मीच बसवून दिलेलं आहे, पण त्याच्या बाहेर मी कधी उभा राहिलो नव्हतो. बराच वेळ काही होत नाही. माणूस स्वतःचंच तोंड बघत बसतं.

मग तिने आत घेतलं.

‘मागे मी दाखवलेला आलेख चुकीचा होता,’ ती वर्गाला म्हणाली. ‘तो बघून ज्यांनी उत्तर लिहिलं त्यांचे गुण मी दिले आहेत. आता दुसरं. माझा हात कापतो. आजपासून माझ्या रेघा कापऱ्या दिसतील. आपापली नेटची जोडणी तपासत बसू नका, ती ठीक आहे.’

तिने पेन टेकवलं.

रेघ उतरू लागली, आणि मला सांगतानाही कसंतरी होतं, वाटेत सगळीकडे तिला कापरं भरलेलं. माझा हात इथे वर आपोआप माउसकडे गेला, सावरायला. तिथे माझं काही चालत नव्हतं. रेघ तळाला पोचली, ताडकन वळली आणि तशीच थरथरत उजवीकडे चढली. पेन उचललं नाही. खाली टोक होतं. बोचेल असं.

‘आता?’ ती म्हणाली.

‘दिसलं मॅडम,’ तीच मागच्या वेळची मुलगी. ‘इकडून एक उतार येतो, तिकडून दुसरा. एक टॅन्जंट नाही निघत.’

‘मग मागे का म्हणालात निघते?’

‘तुम्हीच तर काढून दाखवलं होतं मॅडम.’

‘मी काढलं म्हणून? डोळे मिटून विश्वास ठेवायला मी काय देव आहे? पुढच्या वेळी माझ्याशी भांडा.’ पोरं हसली. तीही हसली. मी तिला हसताना बऱ्याच दिवसांनी ऐकलं, आणि तेही दुसऱ्यांच्या बरोबरीने, इअरफोनमधून.

मग तीन उदाहरणं फळ्यावर दिली, म्हणजे त्या टॅबवर, वेळ लावून, एकेक अक्षर ओढत. ती लिहून झाल्यावर म्हणाली,

‘आज यादीबाहेरचे दोन पाहुणे आहेत. नावं घातलेली नाहीत. एकाच्या माईकमधून आमच्या वरच्या खोलीतला पंखा करकरतोय, तेव्हा तो कोण ते कळलं. पंखे दुरुस्त करायचा पूर्वी. दुसरी कोण तेही मला कळतं. दोघांनीही माईक बंद करा, वह्या काढा, आणि बाकीच्यांसारखी तिन्ही उदाहरणं सोडवून मला दाखवा. सूट मिळणार नाही.’

तू होतीस, हे मला तेव्हा कळलं. तुझा चौकोन काळाच होता, पण माईकवर काट बसली ती मी पाहिली. माझ्याआधी बसली.

मी वही काढली. पहिली दोन सुटली. दुसऱ्याला दुपार गेली, पण कोणाला न विचारता सुटली. तिसरं मात्र सुटत नाही, उजवीकडचा उतार हाती येतो आणि डावीकडे गाडी अडते. तुझं सुटलं असेल. मला सांगू नकोस. तिला दाखव.

दादा